असंच, फिरायला

रोह्यात माझी खोली सिमेंटच्या पत्र्याखाली होती. मे महिन्यात पत्रा इतका तापायचा की संध्याकाळपर्यंत गादीला पाठ टेकवत नसे. कंपनीत नुकताच लागलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी मिळाली, डोक्यावर पंखा आला, याचंच मला इतकं अप्रूप होतं की उकाड्याची तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटे. पण रात्रपाळी करून दिवसा झोप येईना, तेव्हा कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "पेणच्या खाडीवर जा. बांधावर काय वारा असतो."

माझं गाव गडबच्या बाजूचं, पण पार डोंगराकडचं. भात काढला की वाल पेरायचा, एवढंच आमचं जग. खाडीकडे जायचं कधी कारणच पडलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, छत्री आणि पाण्याची बाटली घेतली, एसटीने पेणला आलो, तिथून दुसऱ्या गाडीने खाडीकाठच्या एका गावाशी उतरलो आणि एकटाच बांधाला लागलो. एका बाजूला चिखल आणि तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला भेगाळलेली शेतं, पुढे मिठागरं. वारा होता, पण तोही गरमच. बाटली लवकर संपली.

मिठागराजवळ झावळ्यांच्या झापाच्या सावलीत तिघेजण भाकरी खात बसले होते. त्यांतल्या वयस्कर माणसाने विचारलं, "कोनाकडं चाल्लाव?"

"कोणाकडे नाही. असंच, फिरायला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मे महिन्यात?" दुसरा म्हणाला.

"हो. तिकडे फार उकडतं."

"व्हय व्हय," म्हातारा अगदी समजूतदारपणे म्हणाला. "फिरा. पुढं निल्या दाराचा घर लागल. मानसा बरी हायेत. बाप दारू पीत नाय. कोनालाव इचारा."

मी आभार मानून पुढे निघालो. त्या घरातला बाप दारू पीत नाही हे मला का सांगितलं, ते कळेना. थोड्या अंतरावर हंडा घेतलेली एक बाई भेटली. तिलाही मी तेच सांगितलं. ती हंडा कमरेवर नीट करत म्हणाली, "पोरगी गरीब सभावाची हाय. सातवी शिकलीय. आयशीला दमा हाय म्हनतात, पन तो दमा नाय. मिठाची धूल जाते, म्हनून खोकते."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, इकडे वाटसरूशी असंच बोलायची पद्धत असेल.

पाणी मागावं म्हणून निळ्या दाराशी पोचलो तर ओटीवर सतरंजी टाकून झाली होती. माझ्या आधी बातमी पोचली होती. घरच्या बाईने बसा म्हटलं आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. मी ते एका दमात प्यालो आणि आणखी मागितलं. शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या, त्यांतली एक हळूच म्हणाली, "बघ गो, पानी पन बघतंय हाय का नाय ते."

दुसरा तांब्या लगेच आला. आत हंड्याच्या तळाशी वाटी खरवडल्याचा आवाज मी ऐकला, पण तहान फार होती.

मग बाईने सरळ विचारलं, "मुलाकडच्यांनी काय काय चौकशी करायला सांगितलीय?"

चौकशी हा शब्द आला तेव्हा मला उलगडलं. आमच्याकडेही रीतसर मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचे एका माणसाला गुपचूप पाठवतात. तो घरदार बघून जातो आणि त्याच्या एका शब्दावर स्थळ ठरतं किंवा मोडतं. माझ्या बहिणीच्या वेळी असाच एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस छत्री घेऊन आला होता. इतकं माहीत असूनही मला सुचलं नव्हतं. या मुलीसाठी डोंगराकडचं एक स्थळ आलं होतं आणि ही माणसं रोज कोणाची तरी वाट बघत होती.

मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, मी कोणाकडून आलो नाही. खरंच फिरायला आलोय. रोह्याला कंपनीत आहे, गाव तेवढं डोंगराकडचं."

ती हसली. "असाच बोलतात सगली. मागं आलेला तो मीठ बघायला आलोय म्हनला. चार घरां फिरला, मीठ काय बघला नाय."

"त्याचं काय झालं मग?"

"काय होनार? दमा हाय म्हनून सांगितलान तिकडं." ती खोकली, आणि खोकला पदरात दाबला.

खरं सांगितलं तर ते खोटं ठरत होतं. गप्प राहिलो तर मान डोलावल्यासारखं होत होतं. आणि उठून गेलो तर मुलगी पसंत नाही, असा अर्थ झाला असता. शेवटी चहा प्यालो, "घर चांगलं आहे," म्हणालो, आणि तेही बोलायला नको होतं असं वाटलं.

बांधावर चढलो तेव्हा मुलगी मागून आली. ओटीवर विसरलेली माझी बाटली तिने भरून आणली होती.

"तुमी त्यांचं नसाल तर नसा," ती म्हणाली. "पन डोंगराकडचं हाव ना?"

"हो."

"मंग येवढाच सांगा. तिकडं मे महिन्यात हिरीला पानी रातं का? आमचा नळ पहाटंला येतो. येतो म्हंजे ठिबकतो."

मला आमच्या परड्यातली विहीर दिसली. मेमध्ये दोर थोडा जास्त सोडावा लागतो, एवढंच.

"राहतं," मी म्हणालो.

"मंग मी आयला सांगतंय, हो बोल." माझ्या तोंडाकडेही न बघता ती खाली उतरून गेली.

दुपार कलली होती. मी ज्यासाठी आलो होतो तो वारा आत्ता कुठे खाडीवरून सुटला होता. बराच पुढे गेल्यावर लक्षात आलं, स्थळ कुठल्या गावचं ते मी विचारलंच नव्हतं. डोंगराकडच्या सगळ्याच गावांत पाणी राहतं असं नाही. आमच्याच पलीकडच्या वाडीतल्या बायका चैत्रापासून नदीत खड्डे खणतात.

मी थांबलो. मागे निळं दार दिसत होतं. हातात तिने भरून दिलेली बाटली होती. परत जाऊन गाव विचारावं, तर तीही चौकशीच ठरली असती.