आधी पार्टांचे भाव सांगा

माझ्या धाकट्या मावशीला काही विकणं हे अख्ख्या रत्नागिरीतलं सर्वांत अवघड काम होतं. वस्तूची किंमत ती शेवटी विचारायची. आधी चौकशी वस्तूच्या आजारपणाची. कुकर घ्यायचा तर त्याची शिट्टी आणि रबर सुटं कुठे मिळतं ते बघून यायची, मग कुकराकडे वळायची. दुकानदार पंख्याच्या वाऱ्याचं कौतुक करत असायचा आणि ही विचारायची, "जळला की वाइंडिंग कोण करून देतं?" माझ्या बहिणीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून तिने मुलाच्या वडिलांना विचारलं, "तुमचे गुडघे कधीपासून धरले?" माझ्या आईने डोळे मिटून घेतले. पण त्या गृहस्थांना इतक्या आपुलकीने गुडघ्यांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ते तासभर बोलले आणि लग्न जमलं.

अशा मावशीने ऐंशीच्या दशकात एके दिवशी जाहीर केलं, "मला मोटार घ्यायचीय. जुनी." तेव्हा आमच्या आळीत मोटार एकच होती, तीही डॉक्टरांची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं अडखळू लागलं, एसटीची पायरी चढवेना. दोन पावसाळे ते घराच्या पडवीतच बसून होते. त्यांचं गाव हेदवी. तिथल्या दशभुज गणपतीला दरवर्षी जाणारा हा माणूस आता त्याचं नावही काढत नव्हता. मावशीही काढत नव्हती. ती फक्त क्लच प्लेटचा भाव विचारत फिरत होती.

डॉक्टर त्यांची गाडी विकायला काढणार होते. नव्या जमान्याची, छोटी, लालचुटुक, नखभर ओरखडा नसलेली. सगळे म्हणाले, घेऊन टाक. मावशी म्हणाली, "कोल्हापूरला जाऊन येऊ." कारण त्या गाडीचा डीलर कोल्हापुरात. मी बँकेत रजा टाकली आणि आम्ही एसटीने आंबा घाट चढून तिथे पोचलो. काचेच्या केबिनमध्ये टाय लावलेले एक साहेब होते. फार सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "बाई, गाडी कुठे लावलीय?"

"गाडी नाही अजून. आधी पार्टांचे भाव सांगा. मग ठरवते."

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. सर्व्हिसिंग इथेच करायचं, पार्ट कंपनीचेच घालायचे, लहानसहान पार्टही इथूनच न्यायचा.

"म्हणजे गाडीला बरं वाटावं म्हणून तिने आंबा घाट चढून इथे यायचं," मावशी म्हणाली, "आणि बरं वाटलं की तोच घाट उतरायचा. घरी पोचेपर्यंत पुन्हा आजारी!"

साहेब हसले, पण म्हणाले, "बाई, ब्रेकच्या बाबतीत मात्र कुठेही गेलात तरी काटकसर करू नका." मावशीने हे एकदम मान्य केलं. उतरताना एसटीत तिने मला आपला निर्णय ऐकवला. "जो पार्ट बिघडला तर माणूस मरतो, तो कंपनीचा. जो बिघडला तर माणूस नुसता थांबतो, तो बाजारातला. आणि बाजारातला पार्ट आपल्या स्टँडसमोर मिळाला पाहिजे."

मग मिरकरवाड्याजवळ एका चाचांची गाडी कळली. चाचांनी उभी हयात बोटीवर काढलेली. गाडी जुन्या घडणीची, काळी, म्हशीसारखी ऐसपैस. डॉक्टरांच्या गाडीपुढे अगदीच ओबडधोबड, पण हिचा प्रत्येक पार्ट स्टँडसमोरच्या दुकानात टांगलेला असायचा.

"बाय, पोरीसारखी सांभाळलीय," चाचा म्हणाले.

"मग पोरीच्या खोडी सांगा."

चाचा जरा घुटमळले. "चढावर तापते. रिव्हर्स टाकला की रडते. आणि पाऊस पडला की डावं दार लागत नाय."

मावशीचा चेहरा खुलला. एवढं खरं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने पुढचं दार उघडलं, उजवा पाय लाकडासारखा ताठ धरला आणि तशीच आत बसली. उतरली. पुन्हा बसली. मी हसणार होतो, आणि मला काकांचा पाय आठवला. डॉक्टरांच्या गाडीत तो मावला नसता. "हीच," मावशी म्हणाली.

पन्नाशी उलटलेली ही बाई मग गाडी चालवायला शिकली. समोर कोंबडी दिसली तरी थांबून, "हो बाजूला," असं तिला तोंडाने सांगायची. हॉर्नवर तिचा विश्वास नव्हता.

गाडीला तिच्याच कंपनीचे नवे ब्रेक कोल्हापूरहून आणून घातले आणि माघी गणपतीला आम्ही निघालो. काका पुढे, मी मागे. चिपळूण सोडून गुहागरच्या वाटेवर चढ लागला, चाचांनी सांगितल्याप्रमाणे गाडी तापली आणि फॅनबेल्ट तुटला. मागून आलेली एसटी थांबली, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "लाल गाडी घ्यायला हवी होती," मी पुटपुटलो. मावशीने डिकीतून पिशवी काढली, पिशवीतून नवा कोरा पट्टा काढला आणि तो एसटीच्या ड्रायव्हरला दाखवत विचारलं, "बसवता येतो?" तो माणूस हसत उतरला. पट्टा बसला, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. सगळ्या एसटीने टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात काका वाजवत होते, डाव्या हाताने मांडीवर.

हेदवीला आम्ही दोघांनी त्यांना धरून देवासमोर उभं केलं. काका बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिले. मग मावशीकडे वळून, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "आलो... की... गं!" मावशीने पदराने चष्मा पुसला आणि पुजाऱ्यांना विचारलं, "समईच्या वाती कुठून आणता हो?"

पुढची चार-पाच वर्षं ती दोघं फार फिरली. खेडला काकांच्या बहिणीकडे गेली, लग्नामुंजींना गेली. आणि कुठे जायचं नसेल तेव्हा रोज संध्याकाळी मांडवीला. समुद्राकडे तोंड करून गाडी उभी करायची आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी बसून राहायचं.

काका गेल्यावर महिन्याभराने मी तिला म्हटलं, "मावशी, चल, मांडवीला जाऊन येऊ. तुला आवडतं ना."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जा. मला समुद्र कधी आवडला नाही रे."