मामंजींचा खड्डा

माझ्या सासऱ्यांनी सोलापुरात चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली. पुढच्या खोलीत जमिनीतच मागाचा खड्डा होता. मामंजी काठावर बसून त्यात पाय सोडायचे आणि तळाशी टांगलेल्या पावड्या पायांनी दाबायचे. म्हातारपणी त्यांना कशाचीच आठवण राहिना. मला तर ते रोज नव्याने बघायचे. दिवसभर घरात काहीतरी शोधत फिरायचे आणि उंबऱ्याला अडखळून पडायचे. आता एकदा का कंबरेवर पडले की पुन्हा उठणार नाहीत, असं हाडवैद्यांनी सांगितलं होतं. भाकरी थापतानाही माझे कान त्यांच्या पावलांकडे असायचे.

माग बंदच होता, आमचे हे गिरणीत जायचे. खड्डा बुजवावा असं यांच्या मनात आलं. मीही मान डोलावली, मोठी शहाणी! माग सुटा करून भिंतीला लावला, माती भरून चोपली, वरून मी सारवलं. त्या दिवशी मी निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यात कापसाची कुसं तरंगत होती. मामंजी त्या उन्हातून हळूहळू आले. नेहमीच्या जागी थांबले, पायाच्या अंगठ्याने काठाची जागा चाचपली आणि पाय खाली टाकला. खाली जायला जागाच नव्हती. तोल जाऊन ते आपटले.

हाड वाचलं. पण बसल्या जागी ते आपल्या पायांकडे बघत राहिले. "खाली जात न्हाईत की," म्हणाले.

मला रडू आलं. आधी यांचा राग आला, मग माझाच. त्या खड्ड्यात ते जन्मात कधी पडले नव्हते. गिरणी सुटायची वाट न बघता मी खुरपं घेतलं आणि दुपारपर्यंत खड्डा मोकळा केला. निघालेली माती उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना उतरती थापली. संध्याकाळी यांनी माग पुन्हा उभा करून पावड्या बांधून दिल्या.

मग मामंजी दिवसभर तिथेच. सूत नाही, धोटा नाही, नुसते पाय चालायचे. त्या संथ आवाजात दुपार कधी सरायची कळायचं नाही. मलासुद्धा वाटायचं, त्यांच्यापुढे लुगडं वाढतंय, काठ हिरवा आहे.

एकदा मी पाण्याची कळशी घेऊन तिथून चालले होते. मामंजींनी मान वर केली. मला ओळखलं नाहीच. पण पावड्या थांबवून त्यांनी हात आडवा धरला.

"पोरी, जपून जा. हितं खड्डा हाय."

मी पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.