हवापालट

किन्हीराजा गावच्या पंचफुलाआजीचं नाव आधी लिहिते. तिनं त्या दिवशी माझा हात धरला नसता तर मी गावाकडं पळून गेले असते. माझं गाव समुद्राकाठी, इथून फार लांब. सातवीत शाळा सुटली. पुढं घरची विहीर खारी झाली, भात जळला, आणि ओळखीनं मी वाशीमला एका संस्थेत चहापाण्याच्या कामाला लागले.

हॉलमध्ये शेतकऱ्यांचा मेळावा होता. विषय हवामान बदल. पाहुणे साहेब पडद्यावर लाल रेघ दाखवत होते. समुद्राची पातळी, म्हणाले. लोक जांभया देत होते. साहेब चिडले. मी ट्रे घेऊन उभी.

"ए बाई, इकडं ये. हवामान बदल म्हणजे काय गं?"

माइक माझ्या तोंडापुढं. आमच्या गावात शहरातले पाहुणे यायचे, त्यांच्या तोंडचा एक शब्द मला येत होता.

"हवापालट," मी म्हणाले.

हॉल फुटला हसून.

"बघा! हिला महाबळेश्वरला जायचंय! अशांना काय विज्ञान सांगणार? जा, कप उचल."

उचलले.

मोरीपाशी पंचफुलाआजीनं येऊन माझा हात धरला. मजुरी करणारी, मेळाव्यात मागं बसलेली. ओळख ना पाळख.

"रडून काहून राह्यली वं? घर सोडून इतक्या दूर कायले आली?"

सांगितलं. भरतीचं पाणी बांध ओलांडून आलं. मग विहीर.

आजी म्हणाली, "आमच्या इथं पाऊस येतच नाही, अन् आला तं एका दिवसात वावर खरडून नेते. हवा पालटलीच ना वं? मंग तू चुकली कुठं?"

तेव्हा कळलं. ती लाल रेघ म्हणजे आमची विहीर. आणि भीती वाटली. मी समजत होते, आमचंच नशीब फुटकं. पण जिथं पळून आले तिथंही तेच. आता पळायला जागा कुठं?

चहानंतर साहेबांनी हाक मारली, "काय महाबळेश्वर, पाणी आण."

मी ट्रे खाली ठेवला.

"साहेब, आधी माझी विहीर ऐका."

सगळं बोलले. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "मंग प्याचं पाणी कुठून आणता, बाई?" साहेब घड्याळ बघत होते.

संध्याकाळी संस्थेचा निरोप आला, उद्यापासून येऊ नको.

आता आजीकडंच राहते, तिच्याबरोबर शेतात निंदायला जाते. दुपारी बाभळीखाली बाया भाकरीची फडकी सोडतात तेव्हा माझ्या विहिरीपासून सांगायला सुरुवात करते. भीती गेलेली नाही. रोज उठल्यावर आधी आभाळ बघते. पण कळलेलं आता गिळणार नाही, आणि ज्याला कळलं नाही त्याच्यावर कुणाला हसू देणार नाही.

आजी, तुझं देणं आहे माझ्यावर. एक दिवस त्याच हॉलमध्ये तुझ्या हातात माइक देईन. तू बोलशील. साहेब खाली बसून ऐकतील.