साळवीसाहेबांचे मद्रासी रविवार

किस्से आणि प्लास्टिकचे डबे सारखेच. घरात कुठून येतात कळत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही, आणि ऐन वेळी नेमकं झाकण सापडत नाही! आम्ही रिटायर लोक रोज संध्याकाळी रोह्याला कुंडलिकेच्या काठी बसतो. तिथं कोणी नुसतं म्हटलं, "चला रे, एक दिवस कुठंतरी जाऊन येऊ," की मी आणि शिर्के एकमेकांकडे बघून हसायला लागतो. नव्या माणसाला वाटतं, यात हसण्यासारखं काय आहे? तर ऐका.

रोह्याजवळच्या आमच्या केमिकल कंपनीनं मद्रासच्या बाहेर दुसरा प्लँट टाकला. हो, तेव्हा ते मद्रासच होतं. प्लँट उभा करायला इथून माणसं गेली. त्यातले आम्ही चौघं एकाच इमारतीत राहायचो. साळवीसाहेब पेणचे, प्लॅनिंग इंजिनिअर. त्यांच्याबरोबर वहिनीही आल्या होत्या. बाळू म्हात्रे पेणच्या खाडीकडचा, फिटर, घरचे मिठागरवाले. शिर्के स्टोअरमधला, जेवण सोडून कशातही रस नसलेला. आणि मी इन्स्ट्रुमेंटवाला. कंपनीची व्हॅन होती, सेल्वम नावाचा ड्रायव्हर होता, रविवार मोकळा होता. एका दिवसात जाऊन यावं अशी ठिकाणं सगळीकडे होती. आणि प्लॅनिंग करायला साक्षात प्लॅनिंग इंजिनिअर! आणखी काय पाहिजे माणसाला?

* * *

पहिली सहल कांचीपुरमची ठरली. साळवीसाहेबांनी तिच्यासाठी मीटिंगा घेतल्या. एक नव्हे, ओळीनं तीन शनिवार! प्रत्येकाला खातं वाटून दिलं. शिर्के डबे, मी पाणी आणि औषधं, बाळू चटया, वहिनी फोटो. पाऊस आला तर काय, टायर फुटला तर काय, कोणाला उलटी झाली तर काय, सगळ्याचा विचार झाला होता.

रविवारी पहाटे आम्ही आंघोळी करून, डबे-चटया घेऊन खाली उभे. साहेबांनी एकेक खातं तपासलं. सगळं ओके. बराच वेळ झाला तेव्हा वहिनींनी हळूच विचारलं, "अहो, गाडी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शिर्केकडे. शिर्केनं बाळूकडे.

"गाडी आपण गृहीत धरली होती," साहेब म्हणाले.

सेल्वमला कोणी सांगितलंच नव्हतं. तो गेला होता सासुरवाडीला! मग आम्ही गच्चीवर चटया टाकल्या, डबे उघडले, वहिनींनी फोटो काढले. सोमवारी ऑफिसात कोणीतरी साहेबांना विचारलं, "कशी झाली ट्रिप?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "ऐंशी टक्के यशस्वी. फक्त जायचं राहिलं."

* * *

पुढच्या खेपेला मात्र कांचीपुरमला खरंच पोचलो. देवळं बघून झाल्यावर साड्यांच्या बाजारात शिरलो. एका दुकानदारानं बाळूला आत ओढला आणि त्याच्यासमोर साड्यांचा ढीग घातला. बाळू आपला खाडीकडचा माणूस. हात जोडून म्हणतो, "नाय, नाय!"

दुकानदाराचा चेहरा बदलला. तरी त्यानं आणखी एक साडी उलगडली. बाळू आणखी मोठ्यानं, "नाय हो! नाय म्हंतो ना!"

दुकानदारानं साडी खाली टाकली आणि बाह्या सरसावल्या. शेजारचे दोन दुकानदार धावत आले. सेल्वम मध्ये पडला, सगळ्यांच्या हातापाया पडला आणि बाळूला बाहेर काढून म्हणाला, "सार, तमिळमधी नाय बोले तो कुत्ता! तुम उसको कुत्ता, कुत्ता बोलता!"

बाळूनं कान पकडले. त्या दिवसापासून त्यानं तोंडातून 'नाय' काढला नाही. मान हलवायची, हात हलवायचा, पण शब्द बंद. जन्माची सवय, फार जड गेलं त्याला.

मग एकदा रस्त्याकडेला जेवायला बसलो होतो. एका भटक्या कुत्र्यानं बाळूचं पुडकं पळवलं. बाळू सगळं विसरून त्याच्यामागे धावला, "नाय! नाय! सोड! नाय!"

सेल्वमनं टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड! सार तमिळ शिकला!"

* * *

आता महाबलीपुरम. साहेबांनी त्या सहलीचा सगळा भर ठेवला होता सूर्यास्तावर. लेणी पटापट उरकायची, रथ पटापट उरकायचे, आणि चांगली जागा धरून समुद्रावर बसायचं. "फोटोचे रोल शिल्लक ठेवा," असं वहिनींना तीनतीनदा बजावलं होतं. शिर्के एका देवळाच्या सावलीत जरा टेकला तर त्याला हाताला धरून उठवला. "सूर्य आपल्यासाठी थांबणार नाही, शिर्के!"

समुद्रावर ओळीनं बसलो. तोंडं पाण्याकडे. वहिनींचा कॅमेरा तयार. शेजारी शेंगा विकणारी एक बाई आमच्याकडे बघून तिच्या मैत्रिणीला काहीतरी सांगत होती. साहेब म्हणाले, "बघा, गर्दी अजिबात नाही. लोकांना किंमतच नाही."

हळूहळू समुद्र करडा झाला. ढग नाही, काही नाही, पण सूर्यही नाही.

"येईल, येईल खाली," साहेब म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, मघापासून उजेड माझ्या पाठीवर पडतोय."

आम्ही जन्मभर अलिबागला, मुरूडला सूर्य समुद्रात बुडताना बघितलेली माणसं. या देशाला दुसऱ्या बाजूलाही समुद्र आहे हे शाळेत शिकलो होतो, पण सूर्याच्या संदर्भात त्याचा विचार कोणी केला नव्हता! एकदम सगळ्यांनी माना वळवल्या. मागे झाडांच्या वर थोडा लालसर रंग उरला होता, तोही निघायच्या बेतात.

वहिनींनी कॅमेरा पिशवीत टाकला. शेवटी बाळू म्हणाला, "सायब, त्यो मागच्या गेटनं गेला!"

* * *

वेल्लोरचा किल्ला बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. शिर्केला तिकडचं जेवण सोसायचं नाही असं नाही. दोन-दोनदा भात घ्यायचा. पण घरून आलेला सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा त्याच्या पिशवीत कायम असायचा. जवळा काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. झाकण उघडलं की तीन घरांना कळतं!

वेल्लोरात जेवायला जिथं बसलो ती शुद्ध शाकाहारी मेस. केळीची पानं, भिंतीवर देवांचे फोटो, कपाळभर भस्म लावलेला मालक. साळवीसाहेबांनी आधीच ताकीद दिली होती, "शिर्के, इथं डबा काढायचा नाही." शिर्केनं मान डोलावली. आणि भात वाढल्यावर टेबलाखाली डबा उघडला.

सगळी मेस जेवायची थांबली. मालक गल्ल्यावरून उठला, वास घेत घेत सरळ आमच्या टेबलाशी आला, हात पुढे केला. शिर्केनं मुकाट्यानं डबा दिला. मालक डबा घेऊन आत गेला.

साहेबांनी आम्हाला इतकं झापलं की सांबार गिळवेना. "परराज्यात आलोय आपण! नाव घालवलंत रोह्याचं!" बिल द्यायला गेलो तेव्हा आमच्या माना खाली होत्या. मालकानं डबा काउंटरवर ठेवला.

एकदम रिकामा. आणि स्वच्छ घासलेला!

* * *

साहेबांची एक अट होती. रस्ता कोणालाही विचारायचा नाही. त्यांच्याकडे नकाशा होता. सेल्वम तिकडचाच, पण त्यालाही तोंड उघडायची बंदी. "ज्याच्या हातात नकाशा आहे त्यानं विचारणं म्हणजे नकाशाचा अपमान आहे," असं ते म्हणायचे.

पुलिकतचं सरोवर बघायला निघालो. वहिनींनी नवीन रेशमी साडी नेसली होती, गजरा माळला होता. साहेब पुढे बसून हुकूम सोडत होते. डावीकडे. उजवीकडे. सरळ. सेल्वम दोनदा म्हणाला, "सार...", दोन्ही वेळा साहेबांनी नकाशा वर केला.

शेवटच्या वळणानंतर समोर एक मोठं गेट दिसलं. वॉचमननं धावत येऊन सलाम ठोकला आणि गेट उघडलं. आमच्या प्लँटचं!

परत फिरावं तर समोर जीएम उभे. ते बिचारे रविवारी एकटेच काम बघायला आले होते. त्यांनी व्हॅनमध्ये डोकावून बघितलं. डबे, चटया, गजरा. आणि त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"साळवी, रविवारीसुद्धा? आणि फॅमिलीला घेऊन?"

'आम्ही चुकलो' असं साहेब बोलले असते तर मी त्यांना मानलं असतं. पण ते म्हणाले, "सर, शेड्यूल मागे पडलंय ना."

वहिनी रेशमी साडीत दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसून राहिल्या. पुढच्या मीटिंगमध्ये जीएमनी सगळ्या स्टाफसमोर आमचं कौतुक केलं आणि शेड्यूल जागेवर येईपर्यंत सगळ्यांचे रविवार रद्द केले. महिनाभर आमच्याशी कँटीनमध्ये कोणी बोलत नव्हतं!

* * *

मध्येच एक इकडचा सांगतो. बऱ्याच वर्षांनी सेल्वम आमच्याकडे आला होता. साहेबांनी अर्थातच त्याची पेणची एक दिवसाची सहल आखली. गणपतीच्या आधीचे दिवस, घरोघरी मूर्तींचं काम चाललेलं. पहिल्या कारखान्याच्या दारात सेल्वमनं चपला काढल्या, आत जाऊन शेकडो गणपतींना एकदम नमस्कार केला. बाहेर आला, चपला घातल्या, चार पावलांवर दुसरा कारखाना. परत चपला काढल्या. पुढे ओट्यावर गणपती, खिडकीत गणपती, हातगाडीवर गणपती. शेवटी त्यानं चपला पिशवीतच टाकल्या आणि अख्खं पेण अनवाणी हिंडला.

संध्याकाळी म्हणाला, "सार, तुमारे गाव में चप्पल का दुकान कैसा चलता है?"

* * *

बाळूच्या आईचं सांगतो आणि थांबतो.

बाळूच्या घरचं मिठागर गेलं ते आम्ही मद्रासला असतानाच. खाडीचा बांध फुटला, पाणी आत शिरलं ते परत निघालंच नाही. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या मिठागरात राबलेली. ती बोलायचीच थांबली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाहीतर दाराशी बसून राहायची. बाळूच्या भावानं कळवलं, हवापालट झाली तर बघ. म्हणून बाळू जाऊन तिला घेऊन आला.

साळवीसाहेबांनी जीव ओतून प्लॅनिंग केलं. खरं सांगतो, त्यांना मनापासून वाटत होतं. "आजींना एकेक देऊळ नीट दाखवू." ओळीनं देवळं दाखवली. म्हातारी हात जोडायची, गाडीत येऊन बसायची. एक शब्द नाही. सेल्वम तिला 'पाट्टी' म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे आजी. तोच एकटा तिच्याशी तमिळमध्ये अखंड बोलायचा. तिच्या काही कानावर पडतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

एका रविवारी तिला महाबलीपुरम दाखवायला निघालो. वाटेतलं कोवळम गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला एकदम मिठागरं सुरू झाली. पांढरे ढीग, खारं पाणी भरलेल्या चौकोनी कोंड्या, गुडघ्यापर्यंत साडी खोचलेल्या बायका. म्हातारी सीटवरून उठून उभी राहिली.

"गाडी थांबव रं!"

आम्ही सगळे दचकलो. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

ती उतरली ती सरळ बांधावरून आत. एका कोंडीत वाकून मीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं. तिथल्या मुकादमानं लांबून आरोळी ठोकली. म्हातारीनं उलटी आरोळी ठोकली, "काय वराडतंस? मीठ खाल्ला मी, तुजी जमीन नाय खाल्ली!" त्यातला 'नाय' त्याला बरोबर लागला. तो तावातावानं आला. ती कमरेवर हात ठेवून उभी. दोघं आपापल्या भाषेत असे भांडले म्हणता! बायका काम टाकून हसायला लागल्या. शेवटी मुकादमानं चिडून आपल्या हातातली लांब दांड्याची फळी तिच्यापुढे आपटली. म्हणजे, एवढं कळतंय तर तूच ओढ!

म्हातारीनं पदर खोचला, फळी उचलली आणि मीठ ओढायला लागली.

साहेब घड्याळ बघत होते. "आजी, आपल्याला रथ बघायचेत." तिनं मागे वळून बघितलं नाही. शिर्केनं डबे उघडले. बाळू व्हॅनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बराच वेळ तिकडेच होता. आम्ही कोणी त्याच्याकडे गेलो नाही.

दुपारी बायकांना पेज वाटली, म्हातारी त्यांच्या ओळीत बसली. संध्याकाळी ती पाय धुऊन गाडीत आली तेव्हा मुकादम व्हॅनपर्यंत सोडायला आला. खिडकीतून तिला आणि सेल्वमला काहीतरी सांगितलं, तिनं मान हलवली. परतीच्या वाटेवर ती बाळूच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होती. महाबलीपुरम राहिलं. साहेबांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी आम्ही ड्यूटीला जायला खाली उभे, व्हॅनचा पत्ता नाही. साहेब चिडले. "रविवारी गाडी यायची नाही, आता सोमवारीही नाही?" तेवढ्यात बाळू धावत खाली आला. पांढराफटक.

"सायब, आय घरात नाय!"

गल्ली बघितली, देऊळ बघितलं, बस स्टॉप बघितला. वहिनी रडायला लागल्या. परका मुलूख, भाषा येत नाही, म्हातारी जाईल कुठं? साहेब पोलिसांकडे जायला निघाले आणि समोरून आमची व्हॅन आली. सेल्वम एकटाच, शीळ घालत.

साहेब त्याच्या अंगावर ओरडले, "कुठं होतास? आजी हरवल्यात इथं!"

सेल्वमनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हरवला नाही, सार. पाट्टी फर्स्ट शिफ्ट!"