लिफ्टमधले आप्पा आणि आमचा बाळू

मंडळी, बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत सध्या एकच वाद चालू आहे: धोकादायक जातीच्या कुत्र्यांवर बंदी हवी की नको. आमचा रॉटवायलर बाळू त्यातच मोडतो. बंदीसाठी सगळ्यात जास्त भांडतात ते वरच्या मजल्यावरचे आप्पा. लिफ्टच्या दारात बाळू दिसला की आतून त्यालाच सांगतात, "आपण पुढच्या खेपेला यावं."

त्यांची नात लहान आहे, त्यामुळे भीती काही खोटी नाही. मीटिंगमध्ये ठरलं म्हणून आज सकाळी मी बाळूच्या तोंडाला पहिल्यांदाच मुसकं बांधलं.

लिफ्ट उघडली तर आत आप्पा. बाळू मान खाली घालून उभा. आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले.

"या आत," ते म्हणाले.

मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. "अहो, किती आवळलंय. काचतंय त्याला." स्वतःच पट्टा एक भोक सैल केला आणि बाळूचा कान खाजवत बसले.

मी विचारलं, "मग आप्पा, बंदीचं काय?"

"बंदी हवीच," आप्पा म्हणाले. "उद्या किती वाजता उतरता?"

आता तुम्हीच सांगा, यांचं मत मी कुठल्या बाजूला धरू?