तबक गोल दिसेपर्यंत

बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा आईची एकच तक्रार होती. "डोळे मिटले की दवाखान्यातलेच दिसतात गं. हाडं नि कातडं. आधीचे आठवतच नाहीत." कोयलीच्या रिफायनरीत नोकरी करता करता, संध्याकाळी सेव-उसळ हाणून बाबांनी कमावलेलं पोट आजारपणात पार गेलं होतं. मी तेव्हा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचे. आईला तिचा नवरा परत दाखवणं माझ्या हातात होतं, आणि मला त्याची घमेंडही होती.

दादाच्या लग्नाच्या टेपमधून बाबांचे तुकडे निवडून मी वर्षश्राद्धासाठी छोटी फिल्म केली. कारेलीबागच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुरुजी विधी आटोपून गेले, पानं मांडायला अवकाश होता, तेवढ्यात मी डीव्हीडी लावली.

टीव्हीवर बाबा आले. लांबुळका चेहरा, अरुंद खांदे, पोटाचा पत्ता नाही.

आई उठलीच. "हे दवाखान्यातलेच आहेत," ती म्हणाली. "आता लग्नातलेही असेच झाले. बंद कर ते." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिच्याकडे उरलंसुरलं जे होतं तेही मी घालवलं होतं.

"रहेवा दे ने, राहू दे आता," दादा म्हणाला. "सुरतच्या आत्याला दुपारची गाडी पकडायचीय."

"स्वतःच्या लग्नात बांबूसारखा दिसतोयस, ते बघ आधी!" मी त्याच्यावर खेकसले आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले.

तिथे तर सगळं ठीक दिसत होतं. लग्नातला कॅमेरा रुंद चित्र घ्यायचा, पण ते दोन्ही बाजूंनी दाबून टेपवर बसवायचा. दाखवताना चित्राचा प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा रुंद धरायचा, तरच माणसं माणसांसारखी दिसतात. एडिटिंगच्या प्रोग्रामला हे ठाऊक होतं. पण घरचा टीव्ही जुना, चौकोनी डबा, म्हणून डीव्हीडी बनवताना मी शहाणपणानं जुन्या टीव्हीचं सेटिंग निवडलं होतं. त्यात बाबा चेपले गेले. आता रुंद सेटिंग टाकलं, वरखाली काळ्या पट्ट्या येणार होत्या, येऊ देत. पण नुसत्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. बाबा नक्की किती रुंद होते, हे खरं सांगायचं तर मलाही आठवेना.

एका प्रसंगात आई दादाला ओवाळण्याआधी रिकामं तबक उभं धरून पुसत होती आणि शेजारी बाबा उभे होते. आईच्या हातातलं तबक मघाशी टीव्हीवर अंड्यासारखं दिसलं होतं. तबक गोल झालं, की बाबाही बरोबर येणार.

कॉम्प्युटर रांगत होता. बाहेर पंगत बसली, भात वाढून झाला. अखेर डीव्हीडी हाती आली तेव्हा मी आवाज बंद करून, जेवणाऱ्यांच्या पुढ्यात, टीव्हीच्या काचेवर बोटांनी तबक मोजलं. आडवं, मग उभं. आत्याचा घास हातातच राहिला. माप सारखं आलं.

आई यायला तयार नव्हती. "मला नाही बघायचं. माझ्या डोळ्यांपुढचं पुरे आहे मला."

"त्यांना नको बघूस. नुसतं तबक बघ, तुझ्या हातातलं."

ती डाव हातात घेऊनच दारापर्यंत आली. मी आवाज लावला. बाबा श्वास रोखून कोटाचं बटण लावायला बघत होते आणि ते काही केल्या लागत नव्हतं. माझा श्वास त्यांच्याहून जास्त अडकला होता.

"शिवायला टाकतानाच सांगितलं होतं," आई एकदम टीव्हीवर कडाडली, "दोन बोटं सैल घ्या म्हणून! ऐकलंत कधी माझं?"

मग ती तिथेच दारात खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा ढसाढसा रडली. मीही रडले. डाव दादानं तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

फिल्म संपली तेव्हा पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "परत लाव."

आत्याची गाडी चुकली.