बुडखे बाहेर

बाभळीचं कुंपण रचण्यात वहिनीचा हात कुणी धरू शकत नसे. फांदीचा बुडखा, म्हणजे धरायचं बिनकाट्याचं जाड टोक, आपल्याकडे, काटे बाहेर. मग ओढायची कुणाची टाप? नवरा गेल्यावर तिची जमीन बळकावायला दीर कुऱ्हाड घेऊन आला. त्याने कुंपण तोडलं आणि आडव्या आलेल्या वहिनीचं मनगट दांड्याने मोडलं.

तिने एकाच हाताने कुंपण पुन्हा रचलं, पुरुषभर उंच, पण बुडखे बाहेर ठेवून.

"आली ना अक्कल ठिकाणावर!" दिराने खदाखदा हसत एका बुडख्याला हिसका दिला. अख्खी रास त्याच्या अंगावर कोसळली. गालातून, पापणीतून काटे आरपार गेले.

"वहिनी, मेलो! काढ मला!"

"हलू नका भावोजी, हललं की जास्त रुततं," असं म्हणून तिने आणखी एक फांदी त्याच्यावर दाबली. या खेपेला बुडखा तिच्या हातात होता.